डोंग्यावरचं पक्कं छप्पर

"साऱ्या जिल्ह्यात नाही असं छप्पर बांधतो मी डोंग्यावर! पक्कं! वादळ आलं ना, तर वादळच डोकं आपटून वापस जाईल!"

असं उमरावनं भुराटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चार माणसांत, मिशीवरून हात फिरवून सांगितलं. ही गोष्ट सन दोन हजार तीनच्या चैत्रातली. तेव्हा पाळीवर आजच्यासारखा सिमेंटचा रस्ता नव्हता. मोहाची झाडं होती, मातीची पायवाट होती, आणि सकाळी तलावावर गेलं की पाण्यावरून गंगाबाईचा अभंग ऐकू यायचा.

गंगाबाई म्हणजे उमरावची बायको. लग्नापासून तीस वर्षं दोघं एकाच डोंग्यात. उमराव मागे उभा राहून लांब बांबूनं डोंगा रेटायचा, गंगाबाई पुढे बसून जाळ्यातल्या मासोळ्या सोडवायची. आणि हात चालू असताना तोंडी अभंग! गळा असा, की पखवाज नसतानाही ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी. उमरावची पक्की समजूत होती, की मासोळ्या जाळ्यासाठी येत नाहीत, अभंगासाठी येतात.

पण मागच्या वैशाखात गंगाबाईला ऊन लागलं. भर डोंग्यात चक्कर येऊन पडली. गोंदियाच्या डॉक्टरनं नाडी धरून सांगून टाकलं, "माताजी, अब धूप में बिलकुल नहीं. नाव-वाव भूल जाओ!"

झालं! गंगाबाई घरी बसली. उमराव एकटा जायचा आणि तलाव खायला उठायचा. मासोळ्याही कमी झाल्या. (निदान उमराव तरी तसंच सांगायचा.)

आणि अशात एक दिवस तो कोहमाऱ्याच्या धाब्यावर मासोळ्या पोचवायला गेला. धाब्यावर टीव्ही लागला होता. टीव्हीत समुद्र, समुद्रात पांढरीशुभ्र बोट, आणि बोटीवर चक्क छप्पर! छपराखाली एक गोरा माणूस थंडगार सावलीत पाय पसरून बसलेला. बाजूच्या खाटेवरचा ट्रकवाला म्हणाला, "इसको हार्डटॉप बोलते हैं, चाचा. पक्की छत!"

उमराव मासोळ्यांचं टोपलं तिथंच विसरून घरी आला.

"गंगे! तुले पुन्हा डोंग्यात बसवतो!"

गंगाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक छत्री बांधा ना जी. काळी, मोठी. झालं काम."

"छत्री? छत्री उडते! हाडटाप उडत नाही!"

"बरं. अन् पळसटोल्याच्या सप्त्याले कवा नेता? यंदा तरी काल्याचं कीर्तन आयकू द्या."

पळसटोला म्हणजे तलावाच्या बरोबर समोरच्या काठावरचं गाव. तिथं दर हनुमान जयंतीला सप्ताह असायचा. डोंग्यानं गेलं तर घटकाभराची वाट. पण तीस वर्षं उमरावचं एकच उत्तर, "पुढच्या वर्षी." कारण सप्त्यासाठी इकडे सगळे पाहुणे जमायचे, आणि पाहुण्यांना मासोळी लागायची!

छपराचं काम चैतराम सुताराकडे गेलं. चैतरामनं आयुष्यभर घरांची छपरं केली होती. डोंग्याचं छप्पर म्हणताच त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "पानी कोन्या बाजूनं पडते?"

"चैतराम, आपल्याले पान्याचं नाही, उन्हाचं काम हाये."

"मी बनवलेलं छप्पर आजवर गळलं नाही! माझी इज्जत हाये गावात!"

तेव्हा दोन्ही बाजूंनी उतार निघाला. उताराला पत्रे. पत्र्यांना वळचण. चार सागवानी खांब, खांबांना घोडे, घोड्यांना खुंट्या. पश्चिमेचं ऊन येऊ नये म्हणून मागच्या बाजूला बांबूच्या तट्ट्याची भिंत, आणि भिंतीला शेणाचा हात! अंगणात उभं राहिलं तेव्हा ते छप्पर इतकं देखणं दिसत होतं, की शेजारची शेळी सरळ आत जाऊन बसली.

उमरावचा साळा हिरालाल पाळीवर आपला डोंगा पालथा घालून त्याला डांबर लावत असायचा. तो रोज येऊन बघायचा आणि रोज एक प्रश्न टाकून जायचा.

"भाऊजी, दरवाजा कोठी लावता?"

"जाय ना बे!"

"नाही, म्हटलं तुळशीवृंदावन राहून गेलं."

माप मात्र उमरावनं स्वतः घेतलं होतं. गंगाबाईला अंगणात पाटावर बसवून, डोक्यावर एक वीत सोडून! त्या मापात कणभर चूक नव्हती. चूक असलीच तर एवढीच, की डोंग्यात दुसरंही एक माणूस असतं, आणि ते बसलेलं नसतं.

इथं पूर्वरंग संपला. आता कथेला लागू.

पाण्यात उतरवायला मुहूर्त काढला तो नेमका हनुमान जयंतीचा, काल्याच्या दिवसाचा. गंगाबाईनं छपराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, पळसाच्या फुलांची माळ घातली, नारळ ठेवला, नवं लुगडं नेसून सावलीत जाऊन बसली. समोरच्या काठावरून टाळांचा आवाज येत होता. तिकडे तिनं एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

"बोला, बजरंगबली की..."

"जय!"

सहा जणांनी डोंगा लोटला. उमराव ऐटीत बांबू घेऊन मागे चढला, उभा राहिला, आणि खाड्कन वळचणीवर आपटला!

"काऊन गा भाऊजी," काठावरून हिरालाल ओरडला, "हाडटाप हाड हाये का?"

उमराव वाकून पाहू लागला. वाकलं की बांबू चालेना. गुडघ्यावर बसून पाहिलं, तर मागची भिंत छातीला लागे. भिंतीच्या मागे उभं राहायला फक्त अंगठ्यापुरती जागा. आता एवढ्या लोकांत माघार कशी घ्यायची? उमराव सरळ छपरावर चढला!

"अजी, उतरा! डोंगा हलून राहिला!" आतून गंगाबाई.

"तू अभंग म्हण! मी हावो ना!"

पाच-सहा वेळा रेटून डोंगा खोल पाण्यात आला खरा. चैतराम टाळ्या वाजवत होता. उमरावनं छाती भरून घेतली आणि एक असा जोराचा रेटा दिला, की बांबू चिखलात हातभर रुतला. नेमका त्याच वेळी पश्चिमेचा दुपारचा वारा सुटला, आणि शेणाचा हात दिलेल्या त्या भिंतीत, शिडात भरावा तसा भरला.

डोंगा निघाला. बांबू राहिला. आणि बांबू सोडायचा की छप्पर, याचा विचार करता करता उमराव बांबूलाच राहिला! भर तलावात, ताडाला लटकलेल्या माकडासारखा.

गंगाबाईनं मान बाहेर काढली. "अजी! कोठी जाऊन राहिले?"

"मी नाही जाऊन राहिलो! तूच जाऊन राहिली!"

एवढं बोलेपर्यंत बांबू हळूहळू, अगदी नमस्कार घालावा तसा, वाकला आणि उमरावला पाण्यात सोडून पुन्हा सरळ झाला.

मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोराला पोहायची काय भीती! पण डोंग्याला गाठणं त्याला जमेना. हिरालालचा डोंगा पालथा, डांबर ओलं. दुसरे डोंगे सकाळीच पाहुण्यांना घेऊन सप्त्याला गेलेले. उमराव चिखल तुडवत काठाला आला, हिरालालच्या सायकलवर मागे बसला, आणि पाळीवरून तलावाला वळसा घालत दोघं पळसटोल्याकडे सुटले. उमराव आता मस्करीच्या पलीकडे गेला होता. "हिरालाल, तिले चक्कर आली तर गा? एकटी हाये ना ते!" असं तो वाटभर म्हणत राहिला. हिरालालही मग मुकाट पायडल मारू लागला.

इकडे पळसटोल्यात वेगळंच संकट. मांडव भरलेला, पण कीर्तनकार बुवांची जीप वाटेत बंद पडलेली. सप्त्याचे मुख्य भैयाजी डोक्याला हात लावून काठावर फेऱ्या घालत होते. तोच कुणीतरी ओरडलं, "ते पाहा! बुवा पान्यातून येऊन राहिले!"

सगळ्यांनी पाहिलं. पाण्यावरून, कुणी वल्हवत नसताना, तोरण लावलेलं, फुलांची माळ घातलेलं एक देऊळच तरंगत येत होतं!

टाळ कडाडले. पखवाजावर थाप पडली. बाया पंचारती घेऊन धावल्या. डोंगा काठाला लागला, भैयाजींनी हार पुढे केला, डोळे मिटून पायांवर डोकं ठेवलं. डोळे उघडले तर पायांत जोडवी!

"अवो, हे त भुराटोल्याची गंगा!" पळसटोल्याची पुष्पाबाई पंचारती धरूनच किंचाळली.

"बुवा कोठी हायेत?" भैयाजी.

"मले का मालूम?" गंगाबाई पदर सावरत म्हणाली. "आमचा बुढा बांबूले लटकून हाये. कोनी जा ना जी, पाहून या!"

तेवढ्यात पाळीवरून हिरालालची आरोळी आली, "भाऊजी सलामत हायेत!" मग कुठं गंगाबाईचा जीव भांड्यात पडला. पुष्पाबाईनं तिचा हात धरला. "गंगे, बुवा येतपर्यंत दोन अभंग म्हण. मानसं उठून राहिले ना."

आणि गंगाबाई म्हणू लागली.

उमराव पोचला तेव्हा कमरेपर्यंत चिखल, डोक्यात शेवाळ. मांडवाच्या दाराशीच तो थांबला. तीस वर्षं जो आवाज त्यानं डोंग्यात, जाळ्याकडे बघत ऐकला होता, तो आज अख्खा गाव हात जोडून ऐकत होता. त्याच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ चपला हातात घेऊन, डोळे पुसत उभे होते.

"कोण हो ह्या बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझी घरवाली," उमराव म्हणाला. आणि त्याला पहिल्यांदाच जाणवलं, आपण तीस वेळा 'पुढच्या वर्षी' म्हटलं.

ते गृहस्थ म्हणजेच बुवा. गंगाबाईचा अभंग पुरा होईस्तोवर ते पुढे गेले नाहीत.

छप्पर काही परत आलं नाही. वाऱ्यानं मांडवाचं कापड फाटलं होतं, म्हणून भैयाजींनी चैतरामचं छप्पर उचलून बुवांच्या डोक्यावर उभं केलं, आणि मग ते कायमचं तिथंच राहिलं. आजही हनुमानाच्या पारावर आहे. अजून गळलेलं नाही. जाताना बुवांनी स्वतःची मोठी काळी छत्री गंगाबाईच्या हाती दिली. "माय, उन्हात जपा. हा गळा तुमच्या एकटीचा नाही."

उमरावनं ती छत्री डोंग्याला बांधली. एक वीत उंच, एक हात पुढे. डॉक्टरचा शब्दही राहावा म्हणून ऊन चढायच्या आत परतायचं ठरलं. पुन्हा सकाळी पाण्यावरून अभंग ऐकू येऊ लागला.

एक गोष्ट मात्र नवलाची व्हायला लागली. एकादशीला, पळसटोल्यात कीर्तन असलं, की डोंगा आपोआप तिकडे वळायचा! उमराव घाम गाळून बांबू मारायचा, पण नाही!

"वारा मोठा भाविक हाये," गंगाबाई म्हणायची. "देवाची मर्जी!"

दोन वर्षं उमराव हे गावभर सांगत सुटला. मग एका सकाळी त्यानं पाण्यातल्या पडछायेत पाहिलं. गंगाबाई तोंडानं अभंग म्हणत होती, आणि डाव्या हातानं, अगदी हळूच, छत्री वाऱ्याकडे तिरपी करत होती.

उमरावनं बांबू पाण्यातून काढून डोंग्यात आडवा ठेवला.

पुढच्या एकादशीला तो धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून पाळीवर आला. जाळं घरीच होतं.

"काऊन गा भाऊजी," हिरालालनं विचारलं, "आज मासोळ्या नाही?"

"का करतो बापा!" उमराव छत्री उघडत म्हणाला. "वारा पळसटोल्याकडं नेऊन राहिला."

हिरालालनं वर पाहिलं. मोहाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं.