मेट्रनबाईंचा पेशंट

मेट्रनबाईंनी पिशवीत बी.पी.चं मशीन कोंबलं, चपला अडकवल्या आणि दार ओढून घेतलं. लॅच खट्कन लागलं. आज पेशंटला प्रत्यक्ष गाठायचंच!

पेशंट म्हणजे ड्रायव्हरकाका. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. बाईही एकट्याच होत्या, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. परगावच्या मुलानं एकदा "आई, एकटं वाटतं का गं?" म्हणून विचारलं, तर बाईंनी त्यालाच "ताप आलाय का तुला?" असं उलट विचारलं होतं. मग तोच एक दिवस म्हणाला, "एकट्या म्हाताऱ्यांशी फोनवर गप्पा मारणारी एक संस्था आहे. त्यांना तुझ्यासारखं अनुभवी माणूस हवंय." बाई हरखल्या. हॉस्पिटल सुटल्यापासून आपली कुणाला गरजच उरली नाही, हे त्यांना आतून खात होतं.

संस्थेनं काकांचा नंबर आणि पत्ता दिला, तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्याशी फोन. "जेवण नीट जातंय ना? चार माणसांत मिसळा जरा!" गंमत म्हणजे काकाही त्यांना हेच विचारायचे. बाईंना वाटायचं, बिचारा बोलायला किती आसुसलाय! काल मात्र काका खोकले. बाईंना तेवढं पुरलं.

काकांच्या दाराशी पोचून त्यांनी बेल दाबली. आत रेडिओ मोठ्यानं चालू होता, पण दार काही उघडेना. फोन लावावा म्हणून पिशवीत हात घातला, तर मोबाईल घरीच टेबलावर! दारावर धपाधप थापा पडल्या, तसा शेजारचा शिंपी गळ्यातली टेप सावरत बाहेर आला.

"आजी, काका तर..."

"आत पडलेत! बंबवाल्यांना फोन करा!"

"अहो, पण..."

"पण-बिण काही नाही! रेडिओ बोलतोय आणि माणूस गप्प. कळतंय का काही?"

अख्खा वॉर्ड ज्या आवाजाला टरकायचा तोच हा आवाज. शिंप्यानं निमूट फोन लावला.

बंब आला, दार तुटलं. बाईंनी पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. टेबलावर एकच कप, एकच बशी. काकांचा पत्ता नाही!

"तेच तर सांगत होतो," शिंपी म्हणाला. "काका सकाळीच बाहेर पडलेत. रेडिओ मुद्दाम चालू ठेवतात. परत आल्यावर घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून."

बाईंचा टीव्हीही त्याचसाठी दिवसभर चालू असायचा. त्यांनी हळूच रेडिओ बंद केला.

"पण गेलेत कुठे?"

"एका बिचाऱ्या बाईंना भेटायला. नवा शर्ट घालून! मीच शिवलाय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज गप्पा आपल्याशी, आणि नवा शर्ट दुसरीसाठी?

तेवढ्यात बंबवाल्या साहेबांचा फोन वाजला. "काय? अजून एक दार? आत टीव्ही चालू, मोबाईल वाजतोय, म्हातारी उघडत नाही? पत्ता सांगा." साहेबांनी पत्ता मोठ्यानं उच्चारला आणि बाई किंचाळल्या, "अहो, ते माझं घर! चला, चला, मीही येते!"

जन्मात पहिल्यांदा त्या बंबात बसल्या. "घंटा वाजवा की जोरात!" असा हुकूमही सोडला. दोन जिने धापा टाकत चढल्या, तर नव्या शर्टातला एक उंच म्हातारा दाराला खांदा मारायला मागे सरकलेला, आणि शेजारी ओरडताहेत, "एक, दोन..."

"थांबा! किल्ली आहे!"

म्हातारा गर्रकन वळला. "हा आवाज... अहो, तुम्ही धडधाकट आहात!"

"मग? आणि तुम्ही इथे कशाला कडमडलात?"

"फोन उचलला नाहीत! जीव उडाला माझा. एकट्या बाई..."

"एकटी? मी? एकटे तुम्ही! मला तुमच्यासाठी नेमलंय."

"छे हो! मला तुमच्यासाठी नेमलंय. माझी मुलगीच म्हणाली, त्यांना अनुभवी माणूस हवंय."

बंबवाले भिंतीकडे तोंड करून हसू लागले. बाईंनी दार उघडलं. टेबलावर वाजत असलेला मोबाईल उचलला. काकांनी घाबरून संस्थेलाही कळवलं होतं, आणि आता तिथली मुलगी रडकुंडीला आली होती.

"आजी, माफ करा हो! तुमच्या दोघांच्याही मुलांनी बजावलं होतं, 'एकटं म्हणालात तर फोन आपटतील.' म्हणून दोघांनाही मदतनीस म्हटलं, आणि माझ्या हातून जोडी तुमचीच लागली. उद्यापासून दोघांना वेगवेगळी माणसं देते."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका नव्या शर्टाची बाही ओढत उभे होते.

"काही नको," बाई म्हणाल्या. "माझा पेशंट अजून खोकतोय."

"आणि ही बाई मोबाईल घरी विसरते!" काका मागून ओरडले. "अजिबात एकटं सोडण्यासारखी नाही!"

चहा झाला, गप्पा झाल्या, दुसऱ्यांदा चहा झाला. मग काका उठले. "निघतो. घरी रेडिओ चालू आहे."

"नाहीये. मी बंद केला."

"तुम्ही? पण दार तर बंद..."

"होतं," बाई चाचरल्या. "दार होतं."

संध्याकाळी सुतारानं काकांच्या दाराला नवं लॅच बसवलं आणि विचारलं, "किल्ल्या किती ठेवू तुमच्याकडे?"

"एकच बास. मी एकटाच..."

"दोन द्या," बाई म्हणाल्या आणि त्यातली एक आपल्या पिशवीत टाकली. मग स्वतःच्या घराची जादा किल्ली काढून त्यांनी काकांच्या नव्या शर्टाच्या खिशात सोडली.

"पुढच्या वेळी दाराला खांदा मारू नका. वय झालंय तुमचं!"