चार सेलांची चढाई

पहिला, दुसरा, तिसरा
(शेजारच्या काशीराम तांडेलाच्या ट्रान्झिस्टरमधले)

रशीद जहाजावरून जपानी व्हिडिओ गेम घेऊन आला, तेव्हापासून हमिदाला नवऱ्याचं तोंड दिसलं नव्हतं. दिसे ते टक्कल. हातातल्या राखाडी डबीत एक शूरवीर मनोरा चढत होता आणि रशीद त्याच्या मागोमाग.

"जपानात आत्ता पंधरा दिवसांपूर्वी निघालाय. अमेरिकेला पण मिळाला नाय अजून!"

"अमेरिकेला घाला चुलीत. उद्या पाचला रझियाला बघायला येतायत. तुमच्या बहिणीचं तिसरं स्थळ हाय!"

"हे दार उघडू दे गो. सगळं जपानीत लिवलंय."

चारातले तीन सेल मेले. रशीद काशीरामच्या ओटीवर गप्पा मारायला गेला आणि खिसा जड करून आला.

काशीराम पहाटे हवामान ऐके, मगच मिरकरवाड्यातल्या होड्या सुटत. त्या पहाटे ट्रान्झिस्टर मुका.

"वादळ! रेडिओ स्टेशनच उडालं असणार."

"डिसेंबरात वादळ, तांडेल?"

"म्हणून तर मोठं!"

एकही होडी सुटली नाही. पाहुण्यांना कबूल केलेली सुरमई समुद्रातच राहिली.

चौथा
(भिंतीवरच्या घड्याळातला)

हमिदा जुन्या साडीत सुके बोंबील भाजायला बसली. घड्याळात साडेतीन. बोंबील झाले, तरी साडेतीनच. आणि दारात आपल्या अम्मीला घेऊन पाचचा पाहुणा अली उभा! मागून उघडा ट्रान्झिस्टर नाचवत काशीराम.

"वयनी, माजे सेल कोणी खाल्ले?"

अलीही रशीदसारखा बोटीवरचाच माणूस. त्यानं रशीदच्या हातातली डबी पाहिली, मग बंद घड्याळ.

"ह्याला चार लागतात," तो हळूच म्हणाला.

हमिदाला वाटलं, गेलं तिसरंही स्थळ.

"माझ्याकडं पण आहे," अली रशीदजवळ सरकला. "मी पण ह्याच दाराशी अडकलोय."

पडद्याआडून आवाज आला, "मनोऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याशी दोनदा बोला. किल्ली देतो."

"तुला काय ठाव?" रशीद ओरडला.

"तुमी दुपारी झोपता ना, भाईजान. दोनदा संपवलाय मी."

सेल इतक्या लवकर का मरत, ते आता सगळ्यांना कळलं.

अलीनं बटण दाबलं. दार उघडलं.

"पोरगी पसंत!" तो म्हणाला. पोरगी त्यानं अजून पाहिली नव्हती.

"भाभी, विचार त्यांना, बोटीवरून येताना सेल किती आणतील?"

"खोकाभर!"

पडदा जरासा हलला.

"बरं. मग बघते."