मन्मथप्पांच्या तीन कॉप्या

दर सोमवारी सकाळी मन्मथप्पा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन लोह्याहून जळकोटला जातात. डब्यात जेवण नसतं. उपरण्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क असते. ओळखीचा कंडक्टर मुद्दाम विचारतो, "अप्पा, आज काय भाजी?" अप्पा गंभीरपणे सांगतात, "सगळं लोहा हाय ह्यात. गाडी जरा हळू घ्या."

अप्पांचं बॅनर-फोटोचं दुकान आहे आणि वरच्या खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. वाढदिवस, लग्नपत्रिका, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, गेल्या वीस वर्षांत गावात जे काही घडलं त्याची डिझाइनं आणि फोटो त्यांच्याकडे आहेत. एक कॉपी दुकानात, दुसरी, दर सोमवारी नवं काम भरून, जळकोटला बहिणीकडे आणि तिसरी आमच्या कपाटात, बायकोच्या पैठणीखाली. दर शनिवारी अप्पा जिना चढून येतात आणि आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारतात, "बरी हाय ना?" बायको मला म्हणते, माझ्या माहेरच्यांची एवढी विचारपूस तुम्ही कधी केली नाही.

"एकच कॉपी म्हंजे कॉपीच न्हाई, सर," हे त्यांचं ब्रीद. "लोकायची अमानत हाय."

पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो एका फोल्डरात असतात आणि गमछे दुसऱ्यात, सगळ्या रंगांचे. असं का, म्हणून मी विचारलं. "माणूस तसाच ऱ्हातो, गमछा बदलतो. चिटकून ठिवला तर दर निवडणुकीला पुसत बसा!"

अप्पांच्या बॅनरवर कुणी सावळं नसतं. मुरूम, डाग, सुरकुत्या पुसून चेहरा गोरापान करून द्यायचा, ही या धंद्याची रीतच आहे. आदर्श शिक्षक म्हणून माझाही एकदा बॅनर लागला होता. आई त्याच्याखाली उभी राहून मला म्हणाली, हा कोण?

चार वर्षांपूर्वी अप्पांच्या पत्नी, महानंदाकाकू, गेल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. अप्पांनी कॉम्प्युटरवर काकूंचा फोटो उघडला आणि बघतच बसले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी त्यांनी स्वतःच तो साफ केला होता. हनुवटीवरचा तीळ गेला, कपाळावरची आठी गेली, रंग गेला. आणि घाईत तो मूळ फोटोवरच सेव्ह केला होता. मग नियमाप्रमाणे तिन्ही ठिकाणी पाठवला होता. घरात लग्नाचा अल्बम होता, पण त्यातली लाजरी मुलगी म्हणजे काकू नव्हेत. बाकी गावाचे फोटो काढणाऱ्याने घरच्या माणसाचा दुसरा फोटो कधी काढलाच नव्हता.

"तीन जागी जपली, सर," ते मला म्हणाले, "आन् तिन्ही जागी ती न्हाई."

तेव्हापासून अप्पा रोज दुपारी जुने फोल्डर उघडतात. कुणाचं हळदीकुंकू, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या मुलाचं बारसं. गर्दीच्या मागच्या रांगा मोठ्या करून एकेक चेहरा बघतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "लायब्ररी लावून राहिलो." ते काय शोधतात हे मला ठाऊक होतं. दुकानावरून जाताना त्यांची वाकलेली पाठ दिसली की मला फार वाईट वाटायचं.

परवा दुपारी खालून हाक आली. "सर! या हिकडं, लवकर!"

बचत गटाच्या बायकांचा जुना फोटो होता. तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला, काकू. नखाएवढा चेहरा, थोडा धूसर. पण तीळ होता, आठी होती. नजर थेट कॅमेऱ्याकडे, आणि काकू चांगल्याच चिडलेल्या.

"मीच काढला व्हता," अप्पा म्हणाले. "उन्हात अर्धा तास हुभं केलतं समद्यायला. बघा की, कशी चिडून बघून राहिली माझ्याकडं!" ते हसायला लागले, मग स्क्रीनजवळ वाकले. "तवा म्या रांग सरळ हाय का, तेवढंच बघितलं."

मी म्हणालो, आता असा फोटो स्पष्ट करून मिळतो. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "न्हाई. हिला आता हात लावायचा न्हाई."

तेवढ्यात वाढदिवसाच्या बॅनरसाठी दोन गिऱ्हाइकं दारात आली. अप्पांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"उद्या या," ते म्हणाले. "आज घरचं माणूस आलंय."