चंद्राची गाडी आणि आप्पांचा बांध

‘तुम्हीच का आप्पा?’ असं कुणी विचारलं, तर आप्पा आजवर एकदाही ‘हो’ म्हणालेले नाहीत. ‘कशाला पायजे?’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग समोर पोस्टमन असो, मतदार यादीवाला असो, की लग्नाची पत्रिका घेऊन आलेला सख्खा भाचा असो. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्पासाठी नाव-गोत्र विचारलं, तेव्हाही पाटावर बसल्या बसल्या आप्पांनी गुरुजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘कशाला पायजे?’ शेवटी काकूंनी नाव सांगितलं. तेही उखाण्यात.

अशा माणसाच्या रानात आम्ही चंद्राची गाडी चालवली, हे आमचं धाडस म्हणा नाहीतर कर्म.

आम्ही म्हणजे तिघं. मी उरवड्याच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढते. दुसरे सूसचे दातांचे डॉक्टर, आणि तिसरा भूगावचा सॉफ्टवेअरवाला निखिल. हौशी लोकांनी चंद्रावर चालेल अशी गाडी बनवायची, अशी एक स्पर्धा होती. चंद्रावर कुणी नेणार नव्हतं हो! मुरमाड, उंचसखल जमिनीवर चालवून दाखवायची, एवढंच. डब्यांच्या झाकणांची सहा चाकं लावून शेळीच्या करडाएवढी गाडी आम्ही तयारही केली. पण चालवायची कुठे? मुळशीत जिथे बघावं तिथे एकतर इमारत, नाहीतर कुंपण आणि ‘विकणे आहे’ची पाटी. मोकळं, खडबडीत असं एकच रान सापडलं. ते आप्पांचं.

गाडी खाली ठेवली आणि आप्पा हजर.

‘कुनाची मोजनी हाय?’

‘मोजणी नाही आप्पा. ही चंद्रावर चालणारी गाडी आहे.’

‘आस्सं? तितंबी पलाटिंग निघालं व्हय?’

मी एकेकाची ओळख करून दिली. डॉक्टरांपाशी आल्यावर आप्पांचे डोळे बारीक झाले. ‘दाताचा डाक्टर? चंद्रावर कुनाला दात हायेत? ह्यात गोम हाय.’

आणि एवढं बोलून वर म्हणाले, ‘चालवा. रोज आला तरी चालंल. भाडं नको.’

आता गोम आम्हाला दिसायला लागली. मुळशीत जागा फुकट? इथे सावलीला गाडी लावली तर लोक झाडाचं भाडं मागतील! निखिलला वाटलं, आप्पांना गाडीचं डिझाइन चोरायचंय. डॉक्टरांना वाटलं, पुढेमागे फुकट कवळी मागतील. मला काय वाटलं ते सांगत नाही, पण मी पर्स गळ्यात अडकवूनच काम करायला लागले. दर रविवारी आप्पा बाभळीखाली खुर्ची टाकून आमच्यावर नजर ठेवायचे आणि आम्ही आप्पांवर. आमच्या जेवणाच्या डब्याचंसुद्धा झाकण उचलून बघायचे. ‘भाजीच हाय न्हवं?’

महिनाभरानं एका रविवारी त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

‘ताई, ह्ये गाडं चाललेलं अंतर मोजतंय म्हनं?’

‘हो. चाकाच्या फेऱ्यांवरून.’

‘आन् बांध वलांडतंय?’

तिथे आम्हाला खरी गोष्ट कळली. बांधापलीकडचं रान त्यांच्या धाकट्या भावाचं, सोपानरावांचं. वडिलांच्या रानाची सरळ निम्मी-निम्मी वाटणी, मधे बांध. सोपान दरसाल बांध कोरतो आणि आप्पांच्या रानात सरकतो, हा आप्पांचा संशय. त्यापायी कित्येक वर्षं दोघांत एक शब्द नाही. घरातल्या लग्नात दोघं एकाच पंगतीला बसले, तेव्हा मधे जावई बसवला होता. तो बिचारा दोन्हीकडचं वाढा-वाढा ऐकत जेवला.

‘मग रीतसर मोजणी का नाही करून घेतली?’ मी विचारलं.

‘केली की! मोजनीवाल्यानं आधी त्याच्याकडं चा घेतला. मंग काय खरं सांगनार त्यो?’

‘तुम्हीच टेप लावा ना.’

‘त्याच्या रानात म्या पाय टाकनार न्हाई.’ मग गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ह्ये चा पीत न्हाई. ह्याचं मी ऐकीन. सोपान्या चोर हाय का न्हाई, येवडं सांगू द्या त्याला.’

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘अहो, चंद्रावर निघालो होतो, कोर्टात पोचू. चला इथून.’ खरं होतं त्यांचं. आकडा एकदा बाहेर पडला की भावाभावांत काठ्या निघायला किती वेळ लागतो? पण आप्पा हटेनात. मोजल्याशिवाय आम्हाला फाटकाबाहेर सोडणार नाहीत असा एकूण रंग दिसला.

निखिलनं गाडी सोडली. आप्पांच्या हद्दीच्या दगडापासून बांधापर्यंत एक अंतर, आणि बांधापासून पलीकडच्या दगडापर्यंत दुसरं. आप्पा गाडीमागोमाग बांधापर्यंत चालत गेले आणि थांबले. गाडी धडपडत बांध चढली, पलीकडे उतरली. लांब घराच्या ओट्यावर सोपानराव उभे राहून बघत होते. हाक नाही, की विचारणं नाही.

निखिलनं आकडे बघितले आणि माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे. वाईट बातमी सांगायची सवय त्यांना, पण ते आभाळ बघायला लागले.

‘आप्पा,’ मी म्हटलं, ‘त्यांनी बांध कोरलेला नाही. उलट तुमचीच बाजू हातभर जास्त भरतेय.’

‘चाक घसरलं आसंल.’

‘दोन्हीकडे तोच मुरूम आहे.’

‘उलटं आना.’

उलटं आणलं. तेच. आप्पांनी गाडी उचलली, पालथी केली, तिच्या पोटात डोकावून बघितलं. चाकं एकेक करून फिरवली. मग ती खाली ठेवली आणि स्वतः बांधावर बसले.

जमीन जास्त निघाली म्हणून दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. आप्पांचा चेहरा मात्र घरात कुणी गेल्यासारखा झाला होता.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘मंग इतकी वर्सं म्या त्याच्याशी बोललो न्हाई, ते कशापायी वो?’

या माणसाला महिनाभर मी मनातल्या मनात बेरकी म्हातारा म्हणत आले होते. आता त्याच्याकडे बघवेना. रडूच यायला लागलं मला.

जरा वेळानं आप्पा उठले. गाडी काखेत मारली, ‘तुमीबी या,’ म्हणाले आणि बांध ओलांडून चालू लागले. एकट्यानं जायचा धीर नसावा. आम्ही तिघं मागे.

सोपानराव ओट्यावरून खाली उतरले होते. दोघं समोरासमोर उभे राहिले. आप्पांची मान वर होईना. मला धडकी भरली, की आता हे तसेच माघारी वळतात.

‘पाना हाय का रं?’ आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. ‘ह्यांच्या गाडीचं चाक ढिलं झालंय.’

आमची पान्यांची अख्खी पेटी रानात पडली होती, आणि चाकं तर मी सकाळी स्वतः आवळली होती. डॉक्टरांनी सांगायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

सोपानराव आत गेले, पाना घेऊन आले आणि पोतं अंथरून बसले. आप्पांनी समोर उकिडवं बसून गाडी दोन्ही हातांनी धरली. सोपानरावांनी नटाला पाना लावून जोर दिला. नट हलला नाही. त्यांनी मान वर करून भावाकडे बघितलं, आणि पाना दुसऱ्या चाकाला लावला.

‘लई ढिलं झालंय, दादा,’ ते म्हणाले. ‘येळ लागंल. नीट बस.’