मधनं जाऊ द्यायचं न्हाय

इतिहासात काही माणसं अशी होऊन गेली की त्यांना ओलांडून पुढे जाणं कुणालाच जमलं नाही. आमच्या गल्लीतला यशवंत चौगुले हा त्यांपैकी एक. मी त्याला ओलांडायचा पहिला प्रयत्न केला तेव्हा मला मलकापूरची एसटी गाठायची होती. मी घाईने निघालो होतो आणि तो समोरून येत होता. मला धावताना पाहताच त्याने गुडघे वाकवले, अंग तिरकं केलं आणि माझ्याकडे तोंड करून, हातभर अंतर राखून, तो उलटा चालू लागला. मी उजवीकडे गेलो, तोही गेला. मी डावीकडे वळलो, तेव्हा मात्र त्याने मला खुशाल वळू दिलं. तिकडे गटार होतं. माझा पाय त्यात गेल्यावर तो भानावर आला.

“मास्तर, सवयीनं झालं बगा,” तो म्हणाला. “मानूस अंगावर आला की मी कडंला नेतो.”

यशवंत फुटबॉल खेळून पोट भरायचा. जागा स्टॉपरची, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा शेवटचा शहाणा माणूस. त्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: “मधनं जाऊ द्यायचं न्हाय, कडंला न्यायचं.” गोल मध्ये असतो. म्हणून बॉल घेऊन येणाऱ्याला अडवायचं नाही, पाडायचं नाही, फक्त गोडीगुलाबीने रेषेकडे ढकलत न्यायचं. शेवटी त्याच्यासमोरचं मैदान संपतं आणि त्याची अक्कलही.

हे मैदानात ठीक होतं. पण यशवंतला मैदान कुठे संपतं ते कळत नसे. विमा विकायला आलेला गृहस्थ बोलता बोलता शेजारच्या जिन्यात निघाला. निवडणुकीत मत मागायला आलेले भाऊ कार्यकर्त्यांसकट त्याच्या गोठ्यात पोहोचले आणि शेणात उभे राहून शहराच्या विकासावर बोलले. लग्नाच्या पंगतीत त्याच्यासमोर वाढपी आला की जिलेबी हमखास कोपऱ्यातल्या माणसाला मिळायची.

ही विद्या त्याला म्हशींनी दिली. चौगुल्यांकडे पिढीजात दुभती जनावरं. रंकाळा तलावावरून म्हैस घरी आणताना ती वाटेत कुठल्या भाजीवालीकडे वळेल याचा नेम नसतो. “तिच्या तोंडाकडं बगायचं न्हाय, तोंड फसवतंय,” यशवंत सांगायचा. “कंबर बगायची. कंबर खोटं बोलत न्हाय. फॉरवर्डचंबी तसंच.” कोलकात्यात खेळत असताना एका वार्ताहराने त्याला गुरूचं नाव विचारलं. यशवंतने विचार न करता “गौरा” सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की कोल्हापूरच्या गौरा मॅडम या महिला प्रशिक्षकाने हा हिरा घडवला. कात्रण आमच्या चौकात लागलं. गौराने ते जाता जाता खाल्लं.

गोव्यात आणि कोलकात्यात त्याने मोठमोठी नावं कडेला नेली. परदेशातून आणलेले, घोड्यासारखे फॉरवर्ड त्याच्यासमोर आले आणि कॉर्नरच्या झेंड्याशी गप्पा मारत परत गेले. त्याने चषक उचलले, टीव्हीवर दिसला. पण तिकडचा हंगाम आणि आमच्या पेठांच्या स्पर्धा नेमक्या एकाच वेळी येत. त्यामुळे तालमीच्या कट्ट्यावर त्याच्या कीर्तीचा हिशेब वेगळाच व्हायचा. “गावभर पानी वाढतोय आनि घरची ताटं कोरडी,” असं कट्ट्यावरचे आबा त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो आबांना हळूहळू कट्ट्याच्या कडेला सरकवायचा.

शेवटी गुडघा कुरकुरू लागला, करार संपला आणि तो कायमचा घरी आला. डॉक्टरांनी एका हंगामापुरती परवानगी दिली. ते एकच वर्ष त्याच्या हातात होतं. आणि त्या वर्षी आमची तालीम, म्हणजे आमच्या पेठेचा फुटबॉल संघ, फायनलला पोहोचली.

समोर होती पलीकडची पेठ, आणि तिचा फॉरवर्ड होता सर्जेराव, यशवंतच्या बायकोचा सख्खा भाऊ. लग्नापासून या दोघांची मैदानात कधी गाठ पडली नव्हती. सुनीतावहिनींनी आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. कुणाच्या बाजूने ओरडायचं हा प्रश्न त्यांनी घरी बसून सोडवला होता. फायनलच्या सकाळी मी दूध आणायला गेलो, तर त्या चुलीपुढे बसून नवऱ्याला अटी सांगत होत्या.

“माझ्या भावाचा पाय मोडलासा तर घरात यायचं न्हाय.”

“बरं.”

“आनि त्यानं गोल मारला तरीबी यायचं न्हाय.”

यशवंतने माझ्याकडे पाहिलं. “ऐकलासा न्हवं, मास्तर? आता ह्यातनं बॉल कुटनं काढू?”

दुपारी स्टेडियमवर मुंगीला जागा नव्हती. आमचा एक गोल लवकर झाला आणि मग उरलेला सगळा वेळ आम्ही तो जीव मुठीत धरून सांभाळत बसलो. संपायला थोडासाच वेळ होता तेव्हा आमचा बॅक घसरून पडला, गोलकीपर उगाचच पुढे धावत आला होता, आणि सर्जेराव बॉल घेऊन सुटला. मागे मोकळा गोल. मध्ये फक्त यशवंत.

आमच्या लोकांनी एका सुरात त्याला सल्ला दिला. तो सल्ला छापण्याजोगा नाही, पण त्यात सर्जेरावच्या नडगीचा उल्लेख होता.

यशवंतने गुडघे वाकवले आणि तो उलटा चालू लागला. सर्जेरावने खांदा टाकला, मान हलवली, डोळ्यांनी दुसरीच दिशा दाखवली. यशवंत त्याच्या कमरेकडे बघत राहिला. सर्जेराव लाथेची वाट बघत होता. लाथ आली की तो पडणार होता, पेनल्टी मिळणार होती. लाथ आलीच नाही. यशवंत त्याला नेत राहिला, गोलपासून लांब, बायकांच्या गॅलरीच्या बाजूला, जसं कुणी म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देतं. कॉर्नरच्या झेंड्यापाशी मैदान संपलं. बॉल रेषेबाहेर गेला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

यशवंतने बॉलला किंवा मेहुण्याला बोटही लावलं नव्हतं. गॅलरीच्या पहिल्या रांगेत पदर तोंडात धरून सुनीतावहिनी बसल्या होत्या. दोन्ही अटी पाळल्या गेल्या होत्या.

पुढे गुलाल, ट्रॅक्टर, डॉल्बी. आबा रडले आणि तो घाम आहे असं सांगू लागले. चौकात रातोरात मोठा फ्लेक्स लागला: यशवंतचा चेहरा, त्याखाली ‘पेठेची अभेद्य भिंत’, आणि त्याहून मोठ्या आकारात भाऊंचा चेहरा. सत्कारात भाऊ संरक्षणाच्या महत्त्वावर बोलले आणि पानिपतापर्यंत गेले. यशवंतला बोलायला उभं केलं. तो म्हणाला, “बॉल कडंला चालला होता. मी संगं गेलो.” आणि बसला.

चार दिवसांनी सकाळी तो मला गल्लीत दिसला. काखेत फ्लेक्सची गुंडाळी.

“कुठं निघालास?”

“कडंला,” तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर निघालो. मला अंगावर येताना पाहून तो उलटा चालू लागला, त्यामुळे पाठलाग समोरासमोर झाला. पेठेच्या हद्दीवर नळ आहे. आमच्याकडे रीत अशी की जिंकलेल्याने गुलाल घेऊन हरलेल्या पेठेत पाऊल टाकायचं नाही. गुलाल कधीच धुऊन गेला होता. तरी यशवंतने कानामागचा, नखांतला सगळा रंग पुन्हा चोळून काढला आणि मगच तो पलीकडे गेला.

सर्जेराव गोठ्यापुढे खाटेवर बसला होता. वळवाच्या वाऱ्याने त्याच्या गोठ्याचे पत्रे उडाले होते आणि म्हशी उघड्यावर होत्या.

“दाजी, एक लाथ तरी घालायची हुती,” तो म्हणाला. “फाऊलमुळं हरलो म्हनाय आलं असतं. आता गाव म्हनतंय, दाजीनं बोट धरून फिरवून आनला.”

यशवंत शिडी लावून गोठ्यावर चढला आणि उडालेल्या पत्र्यांच्या जागी फ्लेक्स बांधू लागला. चेहरा खालच्या बाजूला केला, म्हणजे पलीकडच्या पेठेतल्या कुणाच्या डोळ्यांत खुपायला नको. शेवटची गाठ मारून तो खाली उतरला आणि गुडघा धरून उभा राहिला.

“संपलं, सर्जा,” तो म्हणाला. “आता अंगावर कोन येनार माझ्या?”

सर्जेराव खाटेवरून उठला आणि सरळ त्याच्या अंगावर चालून गेला. यशवंतचे गुडघे आपोआप वाकले. मग त्याने ते सरळ केले आणि तो बाजूला झाला. सर्जेराव मधनं घरात गेला आणि आतून चहाच्या दोन कपबश्या घेऊन आला. माझ्यासाठी तिसरी सुनीतावहिनींनी आणली. त्या आधीच माहेरी येऊन बसल्या होत्या.

तो फ्लेक्स अजून तिथेच आहे. पावसाळ्यात गोठा गळतो, तो बरोबर ‘अभेद्य’ या शब्दातून.