अंतर ठेवणारे सबनीस

क्योतोतल्या आमच्या घरी गणपतीची आरती चालू असली, की डॉक्टर सबनीस बूट घालून उभे राहायचे. जपानी घरात दारातून शिरल्यावर बूट काढायला एक पायरीभर खोल जागा असते, तिथे. टाळ्या नाहीत, नमस्कार नाही. मोदक मात्र चालायचे.

"वर या की," मी म्हणायची.

"अंतर, वहिनी, अंतर!"

सबनीस मूळचे साताऱ्याचे. आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे आणि विद्यापीठात संशोधन करायचे. विषय, आफ्रिकेतल्या देशांत सरकार धर्मापासून किती लांब राहतं. पुण्याहून जपानला सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या रिघेतच आलेल्या माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "आफ्रिकेच्या अभ्यासाला जपान कशाला?"

"लांबून नीट दिसतं," सबनीस म्हणाले.

सायकलवरून जाताना देवळापाशी चुकून घंटी वाजली, तर पुढच्या चर्चपाशी ते मुद्दाम वाजवायचे. कुणावर अन्याय नको.

आरतीच्या वेळी त्यांच्या शेजारी सलीम असायचा. टांझानियाचा, त्यांच्याच विभागात पीएचडी करणारा, पाच वेळा नमाज पढणारा. दोघे जिन्यात कडाकडा भांडायचे आणि मग एकाच छत्रीतून निघून जायचे.

एका हिवाळ्यात सलीम झोपेतच गेला. विद्यापीठातल्या भल्या माणसांनी लगेच सगळी व्यवस्था केली. इथल्या रीतीप्रमाणे, दहनाची. सलीमच्या आईने फोनवर एवढंच मागितलं, माझ्या लेकराला जाळू नका.

सबनीस माझ्याकडे आले. जेवणाचे डबे विकायच्या दुकानात काम करून माझं जपानी त्यांच्यापेक्षा बरं झालं होतं. "चला वहिनी. बोलायचं तुम्ही, भांडायचं मी."

आम्ही कचेऱ्या पालथ्या घातल्या. सगळीकडे कमरेत वाकून नकार. एक कारकून अगदी हळुवारपणे म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखाच आहे. धर्म आम्ही बघत नाही."

सबनीसांनी जन्मभर हेच तर लिहिलं होतं. ते टेबलावर हात टेकून मला म्हणाले, "त्यांना सांगा, एकदा जवळ येऊन बघा. एका आईचा मुलगा आहे तो." मी ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं. कारकून पुन्हा कमरेत वाकला.

शेवटी कोबेच्या मशिदीतल्या लोकांनी लांब डोंगरापलीकडच्या कब्रस्तानात जागा मिळवून दिली. बर्फ पडला होता. मी गाडीपाशी थांबले. सबनीसांनी फाटकातच बूट काढले आणि मोज्यांनिशी बर्फातून चालत गेले. बाकी सगळ्यांच्या पायांत बूट होते. त्यांना कुणी अडवलं नाही. माती लोटताना ते सगळ्यांच्या पुढे होते.

पुढच्या गणपतीला मला वाटलं, आता हा माणूस वर येईल. ते तिथेच उभे राहिले. बूट घालून, कडेला सरकून, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"आता तरी या हो."

"नको. सलीमला आरतीला वर यायला जमायचं नाही. त्याला एकट्याला खाली उभं राहावं लागू नये, म्हणून मी थांबायचो."

"आणि ते अंतर?"

"ते पुस्तकात, वहिनी."

मी वाटीत दोन मोदक घालून दिले. त्यांनी एकच खाल्ला.