शगुफ्ताबानूंच्या दहा बोटांची मोहीम

ऐकणारांनी सावध बसावे. कसबा नंदुरबार, जेथे लाल मिरचीचे बाजारामुळे परका मनुष्य शिंकेवाचून दाखल होत नाही, तेथील शगुफ्ताबानू शिलाईबहाद्दर यांनी कॅनडा मुलखीचा कामाचा परवाना कोणे हिकमतीने सर केला, त्याची ही हकिगत. पदरचे काही घातले असेल तर ते गोडीपुरते.

बानू आईबापाविना, खाला म्हणजे मावशी अख्तरबानो यांचे सावलीत वाढल्या. हात ऐसा की शिवणीत खोट काढील तो मनुष्य अद्याप पैदा नाही. कॅनडातील एका कपड्यांचे कारखान्याने त्यांस चाकरी देऊ केली आणि मग तेथील सरकारचे फर्मान आले की, चाकरी याच एका धन्याची, दुसऱ्याकडे टाका घालाल तर परवाना बाद, मुदत सरताच माघारी, आणि आधी अमदाबादेस हजर होऊन दाही बोटांचे ठसे महिनाअखेरीचे आत द्यावे, न द्याल तर अर्ज खारीज. बानूंनी सर्व कलमे कबूल केली. परत येऊन गावी आपला कारखाना घालावा, हा मनसुबा त्यांनी फार दिवस उराशी धरिला होता. खालांस मात्र धनी बदलण्याची मुभा नाही हे ऐकोन भाकरी गोड लागेना.

तथापि लेक परमुलखी निघाली म्हणोन खाला दस्तूर विसरल्या नाहीत. हुकूम सुटला, "उघडा हातस्नी परदेस जावानं नही!" आणि मेंदी भिजली आणि रंग चढावा म्हणोन लवंगेचा धूर दिला आणि बोटांचे शेंडे नखांसकट माखून काढिले. मोहल्ला वाहवा करू लागला. घात तेथेच जाहला.

अमदाबादेस बानूंनी यंत्रावर बोटे ठेविली, यंत्राने नाकारिली. पुसून ठेविली, तरी नाकारिली. अंमलदारांनी अदबीने सांगितले की, मेंदी उतरवून महिनाअखेरीस यावे, त्यापुढे इलाज नाही. परतीचे गाडीत बानू खिडकीकडे तोंड करोन रडल्या. बखरकार हे लपवीत नाही, शूरांसही रडू येते.

वर्तमान कळताच खालांचे तोंड उतरले. त्या गप्प बसत्या तर पोर आपसूक घरी राहती, आणि त्यांस दोष देणारेही कोणी नव्हते. हा विचार त्यांचे मनात आला, घटकाभर बसला आणि मग त्यांनी त्यास हाकलून दिले. पदर खोचून त्या ओट्यावर उभ्या राहिल्या आणि गर्जल्या, "जेन्हा घर खरकटं भांडं शे, ते मन्हा आंगनमा लई या!"

मोहल्ल्यात नुकताच निकाह जाहला होता. निजाम आचारी यांनी बिर्याणीच्या देगी गडगडत आणिल्या, शेजारच्या रमिलाबाईंनी तवे धाडिले, आणि कित्येकांनी संधी साधून सालभर जळलेल्या कढयाही गुपचूप रवाना केल्या. बानूंनी राख आणि लिंबू घेऊन त्या सैन्यावर चाल केली. घासून घासून मेंदी नारिंगी जाहली, मग पिवळी, मग नावापुरती. सांजेस खाला जवळ बसोन एकेक बोटास खोबरेल चोळीत. मोहल्ल्याची भांडी मात्र अशी लखलखली की बायकांस बानू जाणार याचे दुःख नव्याने जाहले.

महिनाअखेरीस दुसरी स्वारी निघाली, या खेपेस खालांसमवेत. डावा हात कबूल जाहला, उजव्याची चार बोटे कबूल जाहली, उजवा अंगठा अडून बसला. बानूंनी तो ओढणीस पुसून, डोळे मिटून पुन्हा टेकविला. हिरवा दिवा लागला.

पुढे परवाना आला. याप्रमाणे दाही बोटे सर जाहली, मोहीम फत्ते जाहली, पेढे वाटिले, ऐसे लिहून बखरकार शाई वाळवू लागला, तोच खालांचा नवा हुकूम निघाला, "मन्हा बी पासपोर्ट काढा! तो मालक कसा शे, मी सोता जाईसन देखसू!"

कॅनडा सरकारास याची खबर अद्याप नाही.